टेस्ला मॉडेल एसमधलं जुनं एमसीयू घरी काढायचं असेल तर

2012 ते 2018च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या टेस्ला मॉडेल एसमध्ये डॅशबोर्डच्या मधोमध सतरा इंचांचा उभा स्क्रीन आहे. त्या स्क्रीनला मागून जोडलेला जो धातूचा डबा, तो म्हणजे मीडिया कंट्रोल युनिट. सगळे त्याला एमसीयू म्हणतात, आणि मार्च 2018पासून नवी आवृत्ती आल्यामुळे या जुन्याला आता एमसीयू-वन म्हटलं जातं. 2016पासूनच्या सुरुवातीच्या मॉडेल एक्समध्येही हेच आहे. अमेरिकेत या गाड्या सेकंडहँड बाजारात परवडणाऱ्या किमतीला आल्या आहेत आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्या घेतल्याही आहेत. वॉरंटी संपलेली, गाडी उत्तम चालते, पण स्क्रीन रडतोय, अशी परिस्थिती असलेल्यांसाठी हा लेख आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. हे युनिट बाहेर काढणं फार अवघड नाही. अवघड आहे ते त्याआधी गाडी नीट झोपवणं, म्हणजे तिची वीज पूर्ण बंद करणं, आणि काढल्यानंतर आपलंच युनिट आपल्याच गाडीत परत बसवण्याचा हट्ट न सोडणं. दुसऱ्या गाडीचं युनिट स्वस्तात मिळालं म्हणून बसवायला गेलेले लोक जास्त अडकतात.

काढायचंच का, हे आधी ठरवा

स्क्रीन हळू झाला, मधेच काळा पडला, नकाशाचे तुकडे दिसेनासे झाले, तर पहिला उपाय रीबूट. स्टीअरिंगवरची दोन्ही स्क्रोल चाकं एकाच वेळी दाबून धरा, स्क्रीन बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत सोडू नका. दुसरी तपासणी बारा व्होल्टच्या बॅटरीची. ती थकली की गाडीतले सगळेच संगणक विचित्र वागतात आणि दोष नाहक स्क्रीनवर येतो. गाडी झोपलेली असताना तिथे 12.4 व्होल्टपेक्षा कमी दिसत असेल तर आधी तिचं बघा.

एवढं करूनही रीबूट वारंवार व्हायला लागले, सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं लागायला लागली, सॉफ्टवेअर अपडेट अर्ध्यावर बंद पडायला लागले, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: ईएमएमसी नावाची साठवणुकीची चिप. या युनिटमध्ये एनव्हिडियाचा टेग्रा 3 प्रोसेसर एका छोट्या वेगळ्या बोर्डावर बसवलेला आहे आणि त्याच बोर्डावर 8 जीबीची ईएमएमसी आहे. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. या चिपसाठी तो आकडा 3,000 आहे. हिशेब करून बघा. 8 जीबी गुणिले 3,000 म्हणजे कागदावर 24,000 जीबी. सहा वर्षांत ते संपायचं तर दिवसाला साधारण 11 जीबी लिहिलं गेलं पाहिजे. हा आकडा मोठा वाटतो खरा, पण गाडीचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं आणि दिवसभर बारीकसारीक नोंदी लिहीत असतं. दोन ओळींची नोंद करायलाही फ्लॅशमध्ये अख्खा ब्लॉक हलू शकतो. शिवाय दर अपडेटला सॉफ्टवेअर वाढत गेलं, मोकळी जागा घटत गेली, आणि झिजायला उरलेल्या त्याच थोड्या ब्लॉकांवर सगळा भार पडत गेला.

अमेरिकेच्या वाहन सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, 13 जानेवारी 2021ला टेस्लाला या गाड्या परत बोलवायला सांगितलं आणि फेब्रुवारीत 1,34,951 गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला. चिपचं आयुष्य पाच ते सहा वर्षं धरलं गेलं होतं. सरकारचा आक्षेप गाण्यांवर किंवा नकाशावर नव्हता. स्क्रीन गेला की रिव्हर्स कॅमेरा जातो, काचेवरचं धुकं घालवायची बटणं जातात, इंडिकेटरचा टिकटिक आवाज जातो, आणि या तिन्ही गोष्टी सुरक्षिततेच्या आहेत. रिकॉलमध्ये तो छोटा बोर्डच बदलून 64 जीबीची चिप असलेला बोर्ड फुकट बसवला जातो.

म्हणून आधी एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, टाकून बघा. रिकॉल बाकी दिसत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि सर्व्हिस सेंटरची वेळ घ्या. जे काम फुकट आणि कागदोपत्री नोंदीसह होतंय ते हौसेखातर स्वतः करण्यात काही अर्थ नाही.

मग काढायची वेळ कोणावर येते? गाडी अमेरिकेबाहेर गेली असेल. स्क्रीनच्या कडा पिवळ्या पडल्या असतील किंवा आतला चिकट द्रव कडेतून पाझरायला लागला असेल, तर स्क्रीन बदलायला युनिट बाहेर यावंच लागतं. आणि तिसरं कारण मोडेम. साधारण 2015च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत थ्रीजी मोडेम होता. एटी अँड टी या मोबाइल कंपनीने 22 फेब्रुवारी 2022ला थ्रीजी जाळं बंद केलं आणि त्या गाड्यांचा मोबाइल संपर्क तुटला. एलटीई, म्हणजे फोरजी, मोडेम बसवायचा तर तोही याच डब्यात.

आणखी एक रस्ता आहे. 2020पासून टेस्ला जुन्या गाड्यांत अख्खं नवं एमसीयू-टू बसवून देऊ लागली. सुरुवातीला 2,500 डॉलर घेत, पुढच्या वर्षी ते 1,500 झाले, मात्र रेडिओचे पैसे वेगळे. गाडी अजून पाच-सात वर्षं ठेवायची असेल तर माझा कौल या रस्त्याला आहे.

डब्यात काय काय आहे

हे समजून न घेता हात घालू नका. टेग्राचा छोटा बोर्ड स्क्रीन, नकाशे, आवाज, इंटरनेट सांभाळतो. पण त्याच डब्यातल्या मुख्य बोर्डावर गेटवे नावाचा स्वतंत्र संगणक आहे. गाडीतल्या बाकी सगळ्या कंट्रोलरांचं जाळं आणि टेग्रा यांच्यामधला तो दरवान. गाडीत कुठला पर्याय बसवलाय, बॅटरी केवढी, एअर सस्पेन्शन आहे की नाही, अशी गाडीची कुंडली त्याच्याकडे, एका एसडी कार्डावर असते. आणि टेस्लाच्या सर्व्हरशी बोलताना ‘मी हीच गाडी’ असं सिद्ध करणारी प्रमाणपत्रं ईएमएमसीमध्ये असतात.

यामुळेच दुसऱ्या गाडीतून काढलेलं युनिट सरळ जोडलं तर चालत नाही. व्हीआयएन जुळत नाही, कुंडली जुळत नाही, अ‍ॅप गाडीला ओळखत नाही. ते जुळवायला टेस्लाचं स्वतःचं निदान सॉफ्टवेअर लागतं. म्हणून नियम असा: मुख्य बोर्ड आपलाच ठेवायचा, एसडी कार्डाला हात लावायचा नाही, ईएमएमसी बदलायची तर जुन्या चिपमधली माहिती नव्या चिपवर उतरवूनच. आणि हे काम जुनी चिप वाचता येते आहे तोवर झालं पाहिजे. स्क्रीन कायमचा काळा पडेपर्यंत थांबलात तर प्रमाणपत्रंही गेली असण्याची भीती असते.

ब्रेक, स्टीअरिंग, मोटरचा इन्व्हर्टर आणि बॅटरीचं व्यवस्थापन या डब्यात नाही. रस्त्यात स्क्रीन रीबूट झाला तरी गाडी चालत राहते ती त्यामुळेच.

केशरी वायर इथेही आहे

एमसीयू बारा व्होल्टवर चालतं, म्हणून हे काम म्हणजे कार स्टिरिओ काढण्यासारखं आहे असं अनेकांना वाटतं. तसं ते नाही. मॉडेल एसच्या बॅटरीत, 85 किलोवॉट-तासांच्या गाडीत, सेलचे 96 गट एकामागे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक गट पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टला पोचतो. एकूण 403 व्होल्ट. तो दाब केबिन गरम करणाऱ्या हीटरपर्यंत येतो, आणि या पिढीच्या गाडीत तो हीटर डॅशबोर्डच्या मागेच, एसीच्या डब्यात बसवलेला आहे. म्हणजे तुमचा हात जिथे जाणार आहे तिथून फार लांब नाही. केशरी वेष्टन ही या जास्त व्होल्टच्या वायरची खूण. तशी कोणतीही वायर दिसली तर ती न हलवता तिच्यापासून हात लांब ठेवा. तिला बाजूला सारून जागा करायची गरज या कामात पडत नाही.

दुसरा धोका एअरबॅगचा. पुढे बसणाऱ्या दोघांच्याही गुडघ्यांसमोर, डॅशबोर्डच्या खालच्या पॅनेलमागे, एअरबॅग आहेत. पिवळे कनेक्टर हे त्यांच्या वायरिंगची खूण. ते काढायचे नाहीत, ओढायचे नाहीत, मल्टिमीटर तर त्यांना अजिबात लावायचा नाही.

हत्यारं

10 मिलिमीटरचा सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन, टी-20 ते टी-30पर्यंतचे टॉर्क्स बिट, ट्रिम उचकटायचे प्लास्टिकचे पट्टे, निळी चिकटपट्टी, चुंबकी टोकाची काडी, कपाळाला लावायचा दिवा, दोन जाड टॉवेल. मल्टिमीटर एक हजार व्होल्टसाठी मान्यता असलेला घ्या. रबरी हातमोजे क्लास झिरोचे, तेही तारखेत असलेले. ते काम करताना सतत घालायचे नाहीत, पण हाताशी हवेत. स्थिर विजेसाठी मनगटाचा पट्टा. स्क्रू ठेवायला घरातलं जुनं इडलीपात्र फार उपयोगी पडतं: एकेका टप्प्याचे स्क्रू एकेका खळग्यात, आणि ज्या क्रमाने काढले त्याच्या उलट क्रमाने परत.

टेस्लाचं सर्व्हिस मॅन्युअल खातं उघडून फुकट वाचता येतं. आपल्या गाडीच्या वर्षाचं पान उघडून ठेवा. ट्रिमचा क्रम आणि स्क्रू किती न्यूटन-मीटरला आवळायचे हे आकडे वर्षागणिक बदलतात, त्यामुळे ते मॅन्युअलमधूनच घ्यायचे. मदतीला एक माणूस हवाच. स्क्रीन बाहेर येताना दोन हात कमी पडतात.

वीज तोडण्याआधीची कामं

हा टप्पा लोक घाईत उरकतात आणि नंतर पस्तावतात. या गाडीत जवळजवळ सगळं विजेवर उघडतं, त्यामुळे वीज असताना काय काय उघडून ठेवायचं ते आधीच करून घ्या.

गाडी गॅरेजमध्ये, सपाट जागी, पार्कमध्ये. चार्जिंगची केबल काढा, कारण वीज गेल्यावर ती पोर्टमध्ये अडकून बसू शकते. पुढच्या दोन्ही सीट पूर्ण मागे आणि खाली घ्या, त्या विजेवर सरकतात. स्टीअरिंगही पूर्ण खाली आणि आत. ग्लोव्हबॉक्स आत्ताच उघडा: त्याचं बटण स्क्रीनच्या उजव्या कडेला आहे आणि तेही इलेक्ट्रिकच. चारही काचा पूर्ण खाली करा. मॉडेल एसच्या दारांना काचेभोवती चौकट नाही. दार उघडताना काच विजेवर थोडी खाली सरकते, मगच ती रबरातून सुटते. वीज नसताना वर असलेल्या काचेसह दार आपटलं तर काच किंवा रबराची कड गेलीच समजा. पुढचं बॉनेट उघडं ठेवा आणि त्याच्या लॅचवर कापड बांधा, म्हणजे कोणी चुकून बंद करणार नाही. बंद झालंच तर आणीबाणीची ओढदोरी असते, पण तिची जागा वर्षानुसार वेगळी आहे आणि ती शोधण्यात तुमचा तास जाईल.

सॉफ्टवेअर अपडेट वाट बघत असेल तर तो आधी पुरा होऊ द्या किंवा नाकारा. अर्ध्या अपडेटवर वीज तोडू नका. एसी-हीटर बंद, गाणी बंद. चावी गाडीपासून लांब नेऊन ठेवा. मग स्क्रीनवरच्या कंट्रोल्समध्ये, हँडब्रेकच्या पानावर ‘पॉवर ऑफ’ आहे, ते दाबा. त्यानंतर ब्रेकला पाय लावू नका, गाडी पुन्हा जागी होते.

वीज तोडणं

पेट्रोलच्या गाडीत बॅटरीची ऋण तार काढली की काम झालं. इलेक्ट्रिक गाडीत तसं नाही. मोठ्या बॅटरीतून वीज घेऊन बारा व्होल्टची वायरिंग जिवंत ठेवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर गाडीत असतो. तो चालू असेल तर छोटी बॅटरी काढूनही तारांत साडेतेरा-चौदा व्होल्ट तसेच राहतात, आणि तुम्ही एमसीयूचा कनेक्टर जिवंत असताना ओढता. म्हणून आधी मोठ्या बॅटरीची वीज तोडायची, मग छोटीची.

बॉनेटखालच्या प्लास्टिकच्या आच्छादनाखाली फर्स्ट रिस्पॉन्डर लूप आहे. अपघातात अग्निशमन दलाने तोडावी म्हणून दिलेली ही कमी दाबाची तार. ती तुटली की मोठ्या बॅटरीतले कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच, उघडतात आणि चारशे व्होल्ट बॅटरीच्या पेटीतच अडकून राहतात. आपण ती तोडायची नाही, तिचा कनेक्टर सोडवायचा. कनेक्टरचा खटका दाबून तो सरळ ओढा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा.

त्यानंतर बारा व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार 10च्या पान्याने सोडवा. जुन्या रिअर व्हील ड्राइव्ह गाड्यांत ही बॅटरी काचेच्या खालच्या बाजूला बरीच आत आहे, तिथे पोचायला आणखी काही आच्छादनं काढावी लागतात. तारेच्या टोकाला कापड गुंडाळून ते बॅटरीपासून लांब बांधून ठेवा.

आता मोजा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या धन टोकावरच्या क्लॅम्पला, दुसरं गाडीच्या उघड्या धातूला. आकडा शून्याजवळ उतरायला हवा. तेरा-चौदा दिसत असेल तर कन्व्हर्टर अजून चालू आहे, म्हणजे लूप नीट सुटलेला नाही. परत जाऊन बघा. शून्य दिसल्याशिवाय केबिनमध्ये पाऊल टाकायचं नाही.

उरलेला दाब उतरायला टेस्लाच्या आणीबाणी मार्गदर्शिकेत दोन मिनिटं दिली आहेत आणि एअरबॅगच्या कंट्रोलरला सुमारे दहा सेकंद. मी दहा मिनिटं थांबतो आणि सगळ्यांना तेच सांगतो. त्या वेळात डॅशबोर्डचे फोटो काढून घ्या.

ट्रिम

थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं. न्यू जर्सी किंवा शिकागोच्या जानेवारीत हे काम करत असाल तर आदल्या रात्रीपासून गाडी गॅरेजमध्ये उबदार ठेवा, नाहीतर क्लिपा तुटतील. स्क्रीनच्या दोन्ही बाजूंच्या कडांना, आणि पट्टे जिथे टेकवणार त्या जागी, निळी चिकटपट्टी लावा.

स्क्रीनच्या डावी-उजवीकडे डॅशबोर्डवर आडव्या जाणाऱ्या सजावटीच्या पट्ट्या आहेत, लाकडी किंवा कार्बन फायबर दिसणाऱ्या. त्या स्क्रूने नाही, क्लिपांवर बसतात. टोकापासून सुरुवात करा, प्लास्टिकचा पट्टा घालून एक क्लिप सुटल्याचा आवाज आला की पुढच्या क्लिपकडे. वाकवून नाही, सरळ आपल्याकडे ओढायचं. स्क्रीनला लागून डावीकडे धोक्याच्या दिव्यांचं बटण आणि उजवीकडे ग्लोव्हबॉक्सचं बटण आहे, त्यांना बारीक वायरिंग आहे. ट्रिम सुटल्याच्या आनंदात झटक्यात ओढलं तर ती वायर तुटते. दोन बोटं आत जातील एवढीच फट करा, दिव्याने आत बघा, कनेक्टरचा खटका नखाने दाबून सोडवा, मगच ट्रिम बाहेर.

खालची गुडघ्यांजवळची पॅनेलं शक्यतो काढू नका. काढावीच लागली तर मॅन्युअलप्रमाणे, आणि मघाशी सांगितलेली एअरबॅगची गोष्ट लक्षात ठेवून.

युनिट बाहेर

ट्रिम गेल्यावर युनिट डॅशबोर्डच्या सांगाड्याला धरून ठेवणारे स्क्रू कडांना दिसतात. ते काढण्याआधी खालच्या आणि बाजूच्या उघड्या फटींत टॉवेल कोंबा. इथून निसटलेला स्क्रू एसीच्या नळ्यांमागे जातो आणि मग अख्खा डॅशबोर्ड उघडायची पाळी येते. कन्सोलवर आणि स्टीअरिंगच्या कडेवर दुसरा टॉवेल अंथरा.

खालचे स्क्रू आधी, वरचे शेवटी. शेवटचा स्क्रू सोडवताना मदतनिसाने स्क्रीन दोन्ही कडांनी धरलेला हवा, काचेवर तळवा न टेकवता. आता युनिट सरळ पुढे सरकवा, साधारण वीतभर. त्यापेक्षा जास्त नाही, मागच्या तारा तेवढ्याच लांब आहेत.

एकाने धरायचं, दुसऱ्याने वरून आणि बाजूने हात घालून तारा सोडवायच्या. सोडवण्याआधी मागच्या बाजूचे तीन-चार कोनांतून फोटो घ्या. मुख्य वायरिंगच्या मोठ्या कनेक्टरला तरफेसारखं कुलूप असतं, ते पूर्ण फिरवल्यावर कनेक्टर आपोआप वर येतो. जोर लावावा लागतोय म्हणजे तरफ पूर्ण फिरलेली नाही. अँटेनांचे बारीक चौकोनी कनेक्टर फाक्रा जातीचे असतात. या पद्धतीत रंग आणि आतली खाच दोन्ही ठरलेली असतात, निळा जीपीएससाठी वगैरे, त्यामुळे एकाचा दुसऱ्यात शक्यतो बसत नाही. तरी प्रत्येकाला चिकटपट्टीवर आकडा लिहून लावा, आणि तोच आकडा युनिटवर त्याच्या जागी. खटका दाबून कनेक्टरच्या अंगाला धरून ओढा. वायरला धरून ओढलं तर आतला मधला बारीक तंतू निसटतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि नंतर जीपीएस का लागत नाही हे शोधत बसावं लागतं. कॅमेऱ्याची केबल, स्टीअरिंगसमोरच्या क्लस्टरकडे (वेग दाखवणाऱ्या स्क्रीनकडे) जाणारी इथरनेट आणि यूएसबी हेही इथेच आहेत.

सगळं सुटल्यावर मदतनिसाने युनिट सरळ उचलून न्यायचं. टेबलावर मऊ टॉवेल, त्यावर काच खाली. काच पाझरत असेल तर आडवं ठेवू नका, उभं टेकवून ठेवा, नाहीतर तो चिकट द्रव बोर्डांकडे जातो. डॅशबोर्डमध्ये लोंबकळणारे कनेक्टर एका कापडात गुंडाळून ठेवा.

टेबलावर

मनगटाचा पट्टा लावल्याशिवाय डबा उघडू नका. पंख्यांवर आणि उष्णता शोषणाऱ्या पात्यांवर साचलेली धूळ मऊ ब्रशने काढा, हे काम फुकटचं आहे आणि त्याचा फायदाही होतो. टेग्राचा बोर्ड खाचेत बसवलेला असतो, तो सोडवता येतो. तिथून पुढे ईएमएमसी उतरवणं म्हणजे चिपखालचे सोल्डरचे बारीक गोळे गरम हवेने वितळवणं. गरम हवेच्या कामाचा चांगला सराव नसेल तर इथे थांबा आणि हे काम रोज करणाऱ्याकडे बोर्ड पाठवा. घरी बाहेर काढलेलं युनिट घेऊन जाणाऱ्याचे मजुरीचे बरेच पैसे वाचलेले असतात, मग शेवटच्या टप्प्यात जोखीम कशाला.

बोर्ड कोणाच्या हाती देताय याचा मात्र विचार करा. त्या चिपमध्ये फोनमधून आलेले संपर्क आणि कॉल, घराचा आणि ऑफिसचा पत्ता, वायफायचे पासवर्ड, कॅलेंडर हे सगळं असतं. मे 2020मध्ये एका संशोधकाने इबेवर विकायला आलेली टेस्लाची काढलेली युनिट घेऊन त्यातून आधीच्या मालकांची माहिती वाचून दाखवली होती. जुनं युनिट किंवा बोर्ड कधीही न पुसता विकू नका. बदललेली जुनी चिप परत मागून घ्या. आणि युनिट काढायच्या आधी, स्क्रीन चालत असेल तर, फोनची जोडणी आणि जतन केलेले पत्ते पुसून टाका.

परत बसवताना

कनेक्टर आकड्यांप्रमाणे, प्रत्येकाचा ‘टिक’ आवाज येईपर्यंत. युनिट चारही कडांनी नीट बसलं की स्क्रू आधी हाताने लावा, मग मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. दोन्ही बाजूंच्या बटणांच्या वायरी जोडा, पण सजावटीच्या पट्ट्या आत्ता लावू नका. खालची पॅनेलं काढली असतील तर ती मात्र आत्ताच पूर्ण बसवा. एअरबॅगसमोरची जागा उघडी ठेवून गाडीला वीज द्यायची नाही.

वीज देताना क्रम उलटा: आधी बारा व्होल्टची ऋण तार, मग लूपचा कनेक्टर. खटके, क्लिका ऐकू येतील, ते कॉन्टॅक्टरचे असतात. स्क्रीन पहिल्यांदा सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो, तोवर काही दाबू नका.

मग एकेक तपासा. रिव्हर्स टाकून कॅमेरा. काचेचं धुकं घालवायचं बटण, हवा खरोखर काचेवर येते का ते हाताने. इंडिकेटरचा आवाज. धोक्याचे दिवे. ग्लोव्हबॉक्स. जीपीएस, वायफाय, मोबाइल संपर्क, फोनचं अ‍ॅप. यूएसबी. काचा वरखाली करून बघा. बॅटरी काढल्यामुळे काचेला आपली वरची मर्यादा आठवत नसेल तर बटण वर ओढून धरून ती पुन्हा शिकवावी लागते. ती शिकवल्याशिवाय दार बंद करू नका.

शेवटी चार्जिंग लावून करंट कमीजास्त होतो का ते स्क्रीनवरून बघा, आणि पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारा. सजावटीच्या पट्ट्या एक-दोन दिवस गाडी वापरून, रात्रभर उभी ठेवून सकाळी कुठली सूचना आली नाही ना हे बघून मगच लावा. त्या आधी लावल्या आणि एखादा अँटेना सैल निघाला तर त्याच क्लिपा पुन्हा उचकटाव्या लागतात, आणि जुन्या गाडीच्या क्लिपा दुसऱ्यांदा उचकटणं सहसा सोसत नाहीत. नव्या क्लिपांचं एक पाकीट आधीच मागवून ठेवा.